चार रंगांच्या टिपा

औषधांच्या दुकानाशेजारून जो अरुंद जिना वर जातो, त्याच्या पहिल्या मजल्यावर मास्टरबाईचं शिवणाचं दुकान आहे. दाराला पाटी नाही. दुकान काढल्यापासून, म्हणजे सोळा वर्षं, पाटी रंगवून घ्यायचं नुसतं चाललंय. बाई म्हणते, जिन्यात पाय ठेवला की मशीनची घरघर ऐकू येते, आणखी कसली पाटी हवी लोकांना? शिवणाऱ्या पुरुषाला सगळे मास्टर म्हणतात. बाईला काय म्हणायचं ते कुणाला सुचलं नाही, म्हणून गिऱ्हाइकांनी मास्टरच्या पुढे 'बाई' जोडून टाकलं. तिलाही ते पसंत पडलं. "मास्तरीण म्हणालात तर हातात छडी घ्यावीशी वाटेल मला," असं ती म्हणते.

दुकान म्हणजे एकच खोली. दोन मशिनी, कापड बेतायचं लांब टेबल, कोपऱ्यात पडदा ओढून केलेली माप घ्यायची जागा, आणि खिडकीखाली काकू. काकू म्हणजे माणूस हो, पण इतकी वर्षं त्याच खुर्चीत बसून काजं, बटणं आणि हेमिंग करत आलीय की नवं गिऱ्हाईक आधी तिला सामानातच धरतं. मग ती तोंड उघडते आणि गैरसमज दूर होतो.

मास्टरबाईचा हात चांगला आहेच, पण नाव झालं ते तिच्या नजरेमुळे. "माझं माप तेच आहे हो, जुन्यावरच बेता," असं एखादी म्हणाली की बाई काही वाद घालत नाही. गळ्यातला टेप काढते, कमरेभोवती टाकते आणि मापाच्या वहीत खरा आकडा लिहिते. गिऱ्हाईक वहीत बघत नाही, बाई दाखवत नाही, दोघींचा मान राहतो. त्या वहीत प्रत्येकीचं एक पान आहे, तारखांसकट. कोण आजारातून उठलंय, कुणाला दिवस गेलेत, कोण सुखाने अंगाने भरलंय, हे मास्टरबाईला घरच्यांच्या आधी कळतं. "दंड दीड इंचाने उतरलाय तुमचा, जेवता की नाही?" असं ती परक्या बाईला खडसावून विचारते, आणि तीन बायकांना तिने असं डॉक्टरकडे धाडलेलं आहे. त्यातल्या एकीला थायरॉइड निघाला, ती अजून येताजाता बाईचा हात हातात घेते.

आता एवढी हुशार बाई, पण घरच्या बाबतीत तिचे दोन नियम होते आणि दोन्ही आळशीपणाचे. पहिला नियम असा की घरच्या माणसाचं पान वहीत नाही. "घरच्यांचं माप डोळ्यांत असतं," म्हणायची. दुसरा नियम, घरच्या कपड्याला दोरा जुळवायचा नाही. मशीनवर ज्या रंगाचा दोरा असेल त्यानेच टीप मारून मोकळं व्हायचं. नवरा बस चालवतो. त्याची गडद निळी पँट आतून गुलाबी टिपेची. तो म्हणतो, स्टेअरिंगमागे कोण बघायला येतंय! म्हणजे दोघंही सारखेच.

आणि लेक. नववीतून दहावीत गेलेली, एकुलती एक. पाळणा तेव्हा दुकानातच असायचा, आणि ती रडायला लागली की खालचा औषधवाला दुकानाबाहेर येऊन वर बघायचा, म्हणून बापाने तिचं नाव भोंगा पाडलं. मोठी झाल्यावर रडणं गेलं, आवाज राहिला. शाळा सुटली की भोंगा दुकानात यायची, कापायच्या टेबलावर मांडी ठोकून बसायची आणि गिऱ्हाइकांच्या नकला करायची. जाड बाई पोट आत घेऊन माप कशी देते, नवरी मुलगी आरशासमोर उगाच कशी लाजते, सगळं हुबेहूब. एकदा ती एका बाईंची नक्कल करत असताना त्याच बाई जिना चढून दारात उभ्या. मास्टरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू मात्र हसून हसून हेमिंग सोडून बसली होती.

त्या वर्षी शाळा सुरू झाली आणि दोन-तीन आठवड्यांत भोंगा म्हणाली, "आई, स्कर्ट सैल होतोय."

"वाढतं वय आहे, उंच होतेस, म्हणून बारीक दिसतेस," आई म्हणाली. मशीनवर होतंच काहीतरी, त्यातच तिने स्कर्ट उलटा केला, दोन्ही बाजूंना टीप मारली, हुक सरकवला, दिला. पाच मिनिटांचं काम. पुन्हा दीड-दोन महिन्यांनी तेच. पुन्हा तेच. शर्टही दोनदा आत घेतला. शाळेत सगळ्या पोरींचे गणवेश पिशवीसारखे लोंबत असायचे, हिचा तेवढा अंगाबरोबर चोख. शेजारीण म्हणायचीसुद्धा, "शिवणारी आई असली की बघा कसं!" मास्टरबाई खूश व्हायची. कुणीही झाली असती.

चौथ्यांदा आत घेतला त्यालाही महिना उलटला, आणि भोंगा एका दुपारी स्कर्ट कागदी पिशवीत घालून दुकानात आली. टेबलावर बसली नाही. पिशवी मशीनशेजारी ठेवली, "सैल झालाय" म्हणाली आणि जिना उतरून गेली. आवाज इतका हळू की मशीन चालू असती तर ऐकूही आला नसता.

मास्टरबाईच्या डोक्यावर त्या दिवशी कामाचा डोंगर होता. "काकू, तेवढा हुक काढून ठेवता का? मी लगेच टीप मारते," ती म्हणाली.

काकूने स्कर्ट उलटा केला, चष्मा वर सरकवला, खाली सरकवला. मग म्हणाली, "अगं मास्टर, हे काय? दोऱ्यांचं दुकान काढलंयस काय ह्यात?"

"घरचं आहे हो. आतली शिवण कोण बघतंय."

"मी बघतेय. इकडे ये."

मास्टरबाई कुरकुरत उठली. काकूने स्कर्टची बाजूची शिवण दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात ताणली होती. कडेला मूळची निळी टीप. तिच्या आत पिवळी. पिवळीच्या आत हिरवी. मग मरून. मग सगळ्यात आत, अंगाला लागणारी, फिकट जांभळी. दुसऱ्या बाजूलाही तसंच. काकूने बोटाने अंतर मोजलं.

"एका बाजूला दीड इंच आत गेलाय. दोन्ही बाजूंनी, पुढून मागून धरलंस तर कमरेत सहा इंच झाले. गिऱ्हाईक असतं आणि सहा महिन्यांत सहा इंच उतरलं असतं, तर तू काय केलं असतंस?"

 काय केलं असतं ते मास्टरबाईला पुरतं ठाऊक होतं. ती काकूच्या पायाशी, चिंध्यांच्या ढिगातच, खाली बसली.

माणसाचं डोकं कसं चालतं बघा. तिला आधी पोरीचा चेहरा नाही आठवला, दोरे आठवले. पिवळा म्हणजे बालवाडीचे अॅप्रन, चाळीस होते, शाळा सुरू झाल्याबरोबरचं काम. आणि त्याच सुमाराला भोंगाने दुकानात यायचं सोडलं होतं. मास्टरबाईने काय म्हटलं होतं? बरं झालं, गिऱ्हाइकांसमोर नकला तरी बंद झाल्या.

हिरवा म्हणजे बागेत काम करणाऱ्यांची जाकिटं. तेव्हा तिची जिवाभावाची मैत्रीण यायची थांबली, जी रोज जिन्यातूनच हाका मारत यायची. विचारलं तर पोर म्हणाली, तिला वेळ नसतो. खरं तर मैत्रीण दोनदा खाली येऊन उभी राहिली होती आणि भोंगाच 'बरं नाही' सांगून खाली उतरली नव्हती. हे शेजारणीने सांगितलेलं आता आठवलं. तेव्हा मास्टरबाई म्हणाली होती, दहावीचं वर्ष, दोघींनाही अभ्यास असेल.

मरून हे हॉटेलचे पडदे. पडद्यांच्या वेळी घरात नुसता वैताग होता. सुट्टीच्या दिवशी पोरगी दुपारी बारापर्यंत अंथरुणात, उठवलं तर अंगावर येणार, ताट पुढे केलं तर ढकलणार. पहिल्या परीक्षेत गणितात जेमतेम पास, आधी ऐंशीच्या खाली कधी नसायची. बाप म्हणाला, ह्या वयात नाकावर राग असतोच, मीही असाच होतो. आई म्हणाली, मोबाईल काढून घेतला की सुतासारखी सरळ होईल. मोबाईल काढून घेतला. पोरीने तो मागितलाही नाही. ह्यावरून तरी समजायला हवं होतं, नाही का? पण मास्टरबाईला वाटलं, आपण जिंकलो.

आणि जांभळा. जांभळे झगे, गाणाऱ्या मंडळाचे. जांभळ्याच्या वेळी घरात शांतता झाली. भोंगा भांडेनाशी झाली. सांगितलं ते करायची, वाढलं त्यातलं चार घास खायची, ताट धुऊन ठेवायची. आपला रंगांचा डबा, बिल्ल्यांचा साठा, आवडता लाल स्वेटर, सगळं शेजारच्या छोटीला देऊन टाकलं. "शहाणी झाली हो पोरगी," असं मास्टरबाईने किमान दहा गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, टेप गळ्यात टाकून, मोठ्या कौतुकाने.

"काकू, ती शहाणी झाली म्हणत होते मी," मास्टरबाई म्हणाली. 

काकूने मांडीवर स्कर्टची घडी घातली. एरवी ही बाई फटकळ, पण त्या वेळी तिने आवाज खाली आणला. "माझी धाकटी बहीण सतरा वर्षांची असताना अशीच शहाणी झाली होती. आम्ही सगळे खूश. वस्तू वाटल्या तिने, तेव्हा आई म्हणाली मन मोठं आहे पोरीचं. मग एक दिवस तिला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. वाचली. नशीब आमचं." तिने स्कर्टवरची सुरकुती सारखी केली. "आता पन्नाशीची आहे आणि दर आठवड्याला फोनवर मला शिव्या घालते. पण मास्टर, आम्ही उशीर केला होता. तू नको करूस. आजच बोल."

"काय बोलू? मला कुठे येतं असलं बोलायला?"

"गिऱ्हाइकांशी बोलतेस ना?"

"ते वेगळं. त्या बोलतात, माझ्या तोंडात टाचण्या असतात."

काकू तिच्याकडे बघतच राहिली. मास्टरबाईलाही आपण काय बोललो ते मागाहून उमगलं.

तरी पहिला प्रयत्न तिने आपल्याच पद्धतीने केला आणि माती खाल्ली. मागच्या गल्लीतल्या घरी जाऊन तिने पोरीला धरलं आणि एका दमात विचारलं, काय झालंय, कोणी त्रास देतं का, कोणी मुलगा आहे का, जेवत का नाहीस, आम्ही तुला काय कमी केलंय. पाच प्रश्न, एकालाही उत्तर द्यायला जागा नाही. भोंगा म्हणाली, "काही नाही झालं आई," आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मास्टरबाईचा राग उसळून आला होता. "मी मेली दिवसभर राबते..." हे वाक्य अगदी जिभेवर आलेलं, ते तिने गिळलं. त्याबद्दल तिला शाबासकी दिलीच पाहिजे, कारण तिच्या आईने ते वाक्य उभ्या जन्मात कधी गिळलं नव्हतं.

घटकाभर थांबून ती पुन्हा आत गेली. "चल दुकानात. स्कर्टचं माप घ्यायचंय. फक्त उभं राहायचं, बाकी काही नाही."

काकूने मास्टरबाईचा चेहरा बघितला, "मी जरा खाली औषधं आणते" म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली. कसली औषधं, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

पडद्याआड भोंगा स्कर्ट घालून उभी राहिली. मास्टरबाई तिच्या पाठीमागे गुडघ्यांवर बसली आणि तिने टेप टाकला. पोरीच्या कमरेला तिने टेप लावायची ही जन्मातली पहिलीच वेळ. आकडा तिने दोनदा बघितला. डोळ्यांतलं माप कुठल्या कुठे राहिलं होतं.

"एक विचारते," ती म्हणाली. "सकाळी जाग येते ना, तेव्हा सगळ्यात आधी काय वाटतं तुला? मग मी टाचण्या लावणार आहे, मला बोलता येणार नाही. तू सावकाश सांग. नाही सांगितलंस तरी मी टाचण्या लावणारच आहे."

आणि तिने चार टाचण्या ओठांत धरल्या. आता हिला टोकायचं म्हटलं तरी टोकता येणार नव्हतं.

पहिली टाचणी लागली. काही नाही. दुसरी लागली. खालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिसऱ्या टाचणीला भोंगा म्हणाली, "परत एक दिवस आला, असं वाटतं."

मास्टरबाईने टाचणी लावायला जास्तच वेळ लावला.

"म्हणजे दुःख नाही होत आई. रडायला आलं तर बरं होईल. काहीच नाही होत. वर्गात बाई बोलतात ते ऐकू येतं, पण पोचत नाही. मैत्रिणी हसल्या की मी पण हसते, गाल दुखतात. खायला घेतलं की घास फिरतच राहतो तोंडात. सगळ्यांना माझा कंटाळा आलाय. तुला पण. तू किती दमतेस, आणि वर मी..." तिने स्कर्टची चुणी मुठीत धरली. "मी नसते तर तुम्हाला सोपं झालं असतं, असं वाटतं मला."

मास्टरबाईने ओठांतली उरलेली टाचणी काढली, टाचण्यांच्या गादीत खोचली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती पाठीमागे होती. प्रश्न भयंकर होता आणि तो विचारायचाच होता.

"स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं का?"

 मग पोरीने मान हलवली, होकाराची. "झोपावं आणि उठूच नये, असं येतं. ठरवलं वगैरे काही नाही. पण येतं. रोज येतं आता." आणि मग, फार लहान मुलीच्या आवाजात, "तू रागावलीस?"

"नाही," मास्टरबाई म्हणाली. "घाबरलेय. खूप घाबरलेय. पण रागावले नाही. आणि तुझा कंटाळा मला आजवर एकदाही आलेला नाही, तुझ्या आवाजाचा आलाय कधी कधी, खोटं कशाला बोलू?"

भोंगा वळली आणि आईच्या गळ्यात पडली, टाचण्यांसकट. दोघींना टोचल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा पोरगी रडली, आणि रडली तीही अशी की औषधवाला सवयीने दुकानाबाहेर येऊन वर बघायला लागला. काकू तिथेच उभी होती. तिने त्याला आत पिटाळलं.

त्याच संध्याकाळी दोघी ओळखीच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोरीशी एकटीशीही बोलले, आणि तिथल्या तिथे फोन करून मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे सकाळची पहिली वेळ घेतली. घरातली सगळी औषधं कुलपात ठेवा आणि तोवर हिला एकटं सोडू नका, एवढं बजावलं. बाप बसच्या वर्दीत तसाच धावत आला. "गावाला नेऊ चार दिवस, हवापालट झाला की होईल ठीक," असं त्याने सुरू केलं, पण लेकीकडे बघितलं आणि गप्प झाला. तिच्याशेजारी बसून राहिला, टोपी हातात धरून. 

सकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे साधारण कधीपासून?" असल्या प्रश्नाला आईबाप काय सांगतात? झाले असतील दोन-तीन महिने. मास्टरबाईने पिशवीतून स्कर्ट काढला, उलटा केला आणि त्यांच्या टेबलावर पसरला. पिवळ्या टिपेवर बोट ठेवून म्हणाली, "शाळा सुरू झाली तेव्हापासून दुकानात येणं बंद. ही हिरवी, तेव्हा मैत्रीण सुटली. मरून, तेव्हा झोप, चिडणं, गणित. आणि ही जांभळी, तेव्हा सामान वाटलं." डॉक्टरीणबाई लिहीत गेल्या. अर्ध्यात त्यांनी पेन खाली ठेवलं आणि टिपा जवळून बघितल्या.

"प्रत्येक वेळी मीच टीप मारत गेले," मास्टरबाई म्हणाली. "सैल झालं की आत घेतलं, सैल झालं की आत घेतलं. दुसरी कुणी असती तर मी तिला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्या घरात कमी तरी काय होतं हो?"

"काही कमी असावंच लागतं असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा आजार आहे, बाई. कुणाच्या घरात काय आहे ते बघून येत नाही. आणि तुम्ही आलात. पुष्कळ लोक येत नाहीत." मग त्या पोरीकडे वळल्या. "खरं सांगू? ही बरी होणारी गोष्ट आहे. उद्या नाही, पण होणारी. तुला आत्ता ते पटणार नाही. नाही पटलं तरी चालेल. दर आठवड्याला येऊन मला 'पटत नाही' एवढं सांगायचं."

भोंगाने मान वर केली. तिला बहुधा असं कुणी सांगितलं नव्हतं, की नाही पटलं तरी चालेल.

पुढचे दिवस सरळ गेले असं कुणी समजू नये. गोळ्यांनी पहिले पंधरा दिवस तिला गुंगी यायची. तिसऱ्या आठवड्यात 'मी तिथे येणार नाही, काही उपयोग नाही' म्हणून ती जिन्यात बसली, तेव्हा बाप सुट्टी टाकून तिच्यासोबत जिन्यातच बसला आणि पाऊण तासाने दोघं निघाले, उशिरा का होईना. शाळेतल्या वर्गशिक्षिकेला मास्टरबाई स्वतः जाऊन भेटली. 'पोरीला आजार आहे, लपवायचा नाही, गावभर करायचा पण नाही,' एवढंच बोलली. सुट्टीच्या दिवशी बाप तिला ड्रायव्हरमागच्या पहिल्या सीटवर बसवून बसच्या पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत नेऊन आणायचा. बोलणं शून्य. पण चौथ्या फेरीला तिने विचारलं, "बाबा, त्या वळणावर तुम्ही नेहमी हॉर्न का देता?" आणि तो पुढचे सहा थांबे त्याचंच उत्तर देत होता.

एकदा तर गंमत झाली. मास्टरबाईने खोलीत पसारा बघून काहीतरी म्हटलं आणि भोंगा ताडकन उठून ओरडली, "माझी खोली आहे, मी बघून घेईन!" आणि दार धाडकन आपटलं. मास्टरबाई पळत दुकानात आली, डोळे भरलेले. "काकू, भांडली हो! दार आपटलं!" काकू म्हणाली, "जगात दार आपटल्याबद्दल आनंदाने रडणारी तूच पहिली. माझ्या सुईत दोरा ओव."

नकला मात्र अजून सुरू झाल्या नव्हत्या, आणि मास्टरबाईने त्याबद्दल विचारलंही नाही. मापाच्या वहीत तिने एक नवं पान घातलं, वर लिहिलं 'लेक', आणि खाली तारीख. दर आठवड्याला टेप. आकडा हळूहळू वर येत होता, मध्येच एकदा खालीही गेला. तिने दोन्ही वेळा जे आलं ते लिहिलं.

मास्टरबाईला जी खरी धास्ती होती, ती ह्या आकड्यांची नव्हती. ती एकदा काकूजवळ बोलून गेली. "ह्या वेळी तुमच्या नजरेला पडलं म्हणून कळलं. परत झालं आणि मला परत नाही दिसलं, तर? मी काय जन्मभर तिच्या शिवणी उलट्या करून बघत बसू?"   डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वाईट दिवस परत येतील, येणारच. ते आले की तिला सांगता आलं पाहिजे, आपण त्याच कामाला लागलोय.

परीक्षेला महिना उरला होता. त्या दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नवरीचा झगा शेवटच्या टप्प्यात, नवरी चौरंगावर उभी, तिच्या पायाशी मास्टरबाई घेर सारखा करत होती. नवरीची आई घड्याळ बघत होती, आणखी दोन गिऱ्हाइकं बाकावर ताटकळत होती. इतक्यात दारात भोंगा आली. शाळेची वेळ संपायला अजून दोन तास होते. दप्तर पाठीवर, चेहरा पांढरा.

एरवी ती गिऱ्हाइकं बघून जिन्यातूनच परत गेली असती. ती दारातच उभी राहिली, चौकट धरून.

"आई," ती म्हणाली, सगळ्यांसमोर. "आज परत तसं होतंय. सकाळपासून. वर्गाच्या बाईंना सांगून आले. मला घरी एकटीला जायचं नाही."

 मास्टरबाईने हातातला खडू खाली ठेवला. तिला उठताना गुडघ्याला कळ लागली, पण ती उठली, आणि गिऱ्हाइकांच्या मधून वाट काढत दारापर्यंत गेली.

"अहो, पण परवा लग्न..." नवरीची आई म्हणाली.

"उद्या सकाळी सातला या. मी स्वतः करून देते. आज नाही," मास्टरबाई मागे न बघता म्हणाली.

"असू दे गं आई," चौरंगावरून नवरी म्हणाली आणि आपला अर्धा घेर हातात उचलून खाली उतरली.

मास्टरबाईने लेकीच्या पाठीवरचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला लावलं. तिला खूप काही बोलायचं होतं. ती एवढंच म्हणाली, "सांगितलंस. बरं केलंस गं."

"तू कामात होतीस."

"हो, होते," आई म्हणाली. "असेन परत. तरी असंच यायचं, दारात उभं राहून, सगळ्यांसमोर."

भोंगाने मान हलवली आणि आईचा हात धरून जिना उतरायला लागली.